गावाचा आराखडा ठरतो तेव्हा अर्धं गाव उसाच्या फडावर असतं

मा. संपादक साहेब, नमस्कार.

निवडणूक आली की तुमच्या पेपरात मतदान करा म्हणून पानभर छापून येतं, 25 जानेवारीला कॉलेजात मतदार दिनाची शपथ होते, ते सगळं चांगलंच आहे, पण मत टाकून आल्यावर पुढची पाच वर्षं साध्या माणसानं काय करायचं हे कोणीच सांगत नाही. माझं म्हणणं एवढंच की आपल्या मराठवाड्यात लोकशाहीचं शिक्षण द्यायचं असेल तर ग्रामसभेपासून द्या, आणि ते 15 ऑगस्टच्या ग्रामसभेच्या आधी द्या. 15 ऑगस्टच का ते सांगते.

मी बीड जिल्ह्यातल्या एका गावात सेवा केंद्र चालवते, सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, केवायसी असली कामं असतात. दसरा झाला की आमच्याकडं कोयते, म्हणजे ऊसतोडीला जाणारी माणसं, निघायला लागतात, मुकादमाची उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले असतात, ट्रक ट्रॅक्टर भरतात आणि दिवाळीपर्यंत तांडे, वस्त्या रिकाम्या होतात, कोणी सांगली कोल्हापूरकडं तर कोणी कर्नाटकात. परत यायला गुढीपाडवा उजाडतो. आता बघा, पुढच्या वर्षी गावात कुठं रस्ता, कुठं नाली, कोणत्या वस्तीला पाईपलाईन हे ज्या आराखड्यात ठरतं त्याची मोहीम 2018 पासून 2 ऑक्टोबरला सुरू करायची पद्धत पडली. म्हणजे गावाचा आराखडा बनायला लागतो तेव्हा ज्या वस्तीला पाणी नाही त्या वस्तीची माणसं गाठोडी बांधत असतात, आणि 26 जानेवारीची ग्रामसभा होती तेव्हा ती फडावर मोळ्या बांधत असतात. मग तांड्यावरचा रस्ता यादीत येणार कसा? मागायलाच कोणी नसतं.

आणि हे कायद्यानं बंद नाही हो, उलट कायदा आपल्या बाजूनं आहे. 1958 चा ग्रामपंचायत कायदा वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्या म्हणतो, ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्या म्हणतो. कोरम, म्हणजे सभेला लागणारी कमीत कमी हजेरी, आहे मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 माणसं, यातलं जे कमी असेल ते. शंभर माणसं काही फार नाहीत, एका लग्नाच्या पंगतीला याच्यापेक्षा जास्त असतात. पण शंभर येत नाहीत, मग सभा तहकूब होती, आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही हे किती जणांना माहीत आहे? पुढच्या तारखेला जे पाच पंधरा जण बसतील त्यांनी केलेला ठराव पूर्ण गावाचा ठराव असतो. घरी बसलेल्याला वाटतं सभा झालीच नाही.

आता सगळे म्हणतात गाव डिजिटल झालं. खरंय, प्रत्येक गावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, आमचाही आहे, वाढदिवस, श्रद्धांजली, बाजारभाव सगळं त्यावर. मागच्या उन्हाळ्यात टाकीच्या पाण्यावरून त्यावर दोन दिवस भांडण चाललं, शेवटी फक्त अ‍ॅडमिनलाच मेसेज टाकता येईल अशी सेटिंग झाली आणि विषय मिटला. एवढे मेसेज झाले पण एकाही माणसानं दोन ओळीचा अर्ज दिला नाही. तरण्या पोरांना मला हेच सांगायचंय की ग्रुपवर कितीही लिहा, प्रोसिडिंग बुकात, म्हणजे सभेच्या नोंदवहीत, जे लिहिलं जातं तेच पंचायत समितीत आणि झेडपीत चालतं. ग्रुपवरचा राग तिथपर्यंत न्यायचा कसा हे शिकवायला पाहिजे, डिजिटल साक्षरता म्हणून नुसतं पैसे पाठवायला शिकवून काय उपयोग.

मोबाईल कामाचा आहे, लई कामाचा आहे. ई-ग्रामस्वराज नावाचं केंद्र सरकारचं पोर्टल आहे, 24 एप्रिल 2020 ला सुरू झालं, त्याला लॉगिन लागत नाही, पासवर्ड लागत नाही. राज्य, जिल्हा परिषद, पंचायत समिती, गाव आणि वर्ष निवडलं की आपल्या ग्रामपंचायतीचा मंजूर आराखडा दिसतो, कोणत्या कामाला किती पैसे धरले, किती आले, किती खर्च पडले. मेरी पंचायत अ‍ॅपवर पण दिसतं. केंद्राकडून ग्रामपंचायतीला आलेल्या 15 व्या वित्त आयोगाच्या निधीतला साठ टक्के पैसा तर पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेला होता, ही गोष्ट टँकरची वाट बघणाऱ्या बाईला माहीत पाहिजे का नको?

माझ्याकडं एक मावशी केवायसी करायला आल्या होत्या, अंगठा उमटत नव्हता म्हणून बसून होत्या. (कोयता धरून धरून बोटाच्या रेषाच जातात, हा आमच्याकडं रोजचा त्रास आहे.) सहज म्हणून मी त्यांना पोर्टलवरची गावातल्या कामांची यादी उघडून दाखवली, वाचून दाखवत गेले. एका नालीचं नाव आलं तशा त्या म्हणल्या, थांब थांब, परत वाच. ती नाली त्यांच्या दारासमोरची, कागदावर झालेली. त्या म्हणल्या, अगं मी तिथंच राहते ना, मला दिसली कशी नाही. मग आम्ही दोघींनी मिळून अर्ज लिहिला, पोच घेतली, आणि 15 ऑगस्टच्या सभेत मावशी चार बायका घेऊन गेल्या. ग्रामसेवकांना (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) मावशींनी एवढंच विचारलं की या कामाची एमबी, म्हणजे कामाच्या मोजमापाची वही, कुठंय आणि गुत्तेदार कोण. कोणी त्यांना खाली बसा म्हणलं नाही, कारण हातात पोच होती. प्रोसिडिंगला नोंद झाली, मोजणी लावायचं ठरलं. उत्तर नाहीच आलं तर माहिती अधिकार आहेच, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, 30 दिवसांची मुदत, आणि दारिद्र्यरेषेखालच्याला तर तेही 10 रुपये लागत नाहीत. मावशींची शाळा दुसरीपर्यंत झालेली. म्हणून शिकलेल्यांनी मला सांगू नये की लोकांना कळत नाही.

बायकांची अजून एक गोष्ट आहे आणि ती कोणाच्या ध्यानातच येत नाही. ग्रामसभेचा सभासद म्हणजे ज्याचं नाव त्या गावाच्या मतदार यादीत आहे तो. नवी सून आली, तिचं नाव माहेरच्या यादीत तसंच राहतं, सासरी दोन लेकरं झाली तरी कोणी बदलत नाही. म्हणजे ती पाणी इथं भरती आणि तिचा हक्क तिकडं माहेरी पडून आहे. त्याला फॉर्म 8 आहे, मोबाईलवरून भरता येतो, नवीन नावाला फॉर्म 6, आणि 2022 पासून 18 पूर्ण झालेल्यांसाठी वर्षाला एकच नाही तर चार तारखा धरतात, 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर. पण ओटीपी येतो नवऱ्याच्या नाहीतर दिराच्या फोनवर, आणि तो फोन दिवसभर बाहेर. महाराष्ट्रात पंचायतीत 50 टक्के जागा बायकांना आहेत, सरपंच बाई आहे, पण मत मांडणाऱ्या बाईचं नावच यादीत नसेल तर त्या सरपंच बाईंनी तरी कोणाच्या जोरावर बोलायचं.

आपल्या भागाला हे जास्त लागतं असं मला मनापासून वाटतं. 17 सप्टेंबरला आपण मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन करतो, 1948 पर्यंत आपले आजे पणजे निजामाची रयत होते, सगळ्यांना सारखं मत मिळालं ते 1952 च्या पहिल्या निवडणुकीत. आणि आत्ताचं बघा, 2022 नंतर झेडपी आणि पंचायत समित्यांवर वर्षानुवर्षं प्रशासक बसले, आपल्याकडं निवडून दिलेला सदस्यच नव्हता, तरी गावात त्याची चर्चा किती झाली? त्या काळात ग्रामसभा हीच एक जागा होती जिथं आपण उभं राहून विचारू शकत होतो.

15 ऑगस्टचं म्हणून म्हणते की तेव्हा सगळे गावात असतात. कारखाने बंद, पेरण्या झालेल्या, पोरं शाळेत. आराखड्यासाठी वस्तीची मागणी त्याच दिवशी लेखी देऊन नोंदवून घ्यायची, म्हणजे ऑक्टोबरात माणूस फडावर गेला तरी त्याचा कागद गावात राहतो. फडावरून सभेला फोन लावून ऐकवता येईल, तेही करावं, पण कोरमला हजर माणूसच लागतो.

संपादक साहेब, तुम्हाला विनंती आहे की जुलै महिन्यात दर आठवड्याला अर्धं पान याला द्या. पोर्टल कसं उघडायचं त्याचे फोटो छापा, अर्जाचा नमुना छापा असा की कापून चिकटवता येईल, महिला सभेची तारीख ग्रामपंचायतींनी आधी जाहीर करावी म्हणून बातमी लावा. आणि शाळेच्या गुरुजींना सांगा की आठवी नववीच्या पोरांना एक दिवस आपल्याच गावाच्या कामांची यादी वाचायला लावा, कारण आईबाप वाचू शकत नसले तरी घरात वाचणारं तेच लेकरू असतं. आमच्या केंद्रावर जो येईल त्याला मी कामांची यादी फुकट काढून देते, बाकीच्या केंद्रचालकांनीही द्यावी.

आपली,
एक वाचक
बीड जिल्हा