नियमाचाही काटा तपासा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बरण्या पुसायला मी रद्दी वापरतो. खायचे पदार्थ वर्तमानपत्रात बांधायला बंदी आल्यापासून आमच्या दुकानात रद्दीला एवढंच काम उरलंय. गेल्या आठवड्यात शेवेची बरणी पुसताना हातातल्या कागदावर बारीक टायपातली जाहीर सूचना दिसली. कुठल्याशा नियमाचा मसुदा तयार आहे, 'हरकती व सूचना' ३० दिवसांत पाठवाव्यात. चष्मा लावून तारीख पाहिली, तर मुदत संपून दीड महिना झालेला. बायको म्हणाली, "आता बरणीच्या काचेवर लिहा काय ते." म्हटलं, त्यापेक्षा पेपरलाच लिहितो.

चिपळूणच्या बाजारपेठेत आमचं फरसाणाचं दुकान आहे, वडिलांनी टाकलेलं. शेव, चिवडा, खारे दाणे, दिवाळीत चकली-कडबोळी. नियम नकोत असं म्हणणाऱ्यांतला मी नाही, हे आधीच सांगून ठेवतो. प्लास्टिकबंदीच्या बाजूचा तर मी पहिल्यापासून आहे. पण नियम काढताना त्याचा भार कोणावर, किती, आणि त्यातून नक्की काय साधणार, याचा हिशेब कोणी मांडतो का, हा माझा प्रश्न आहे. तो मला २०१८ च्या जूनमध्ये पडला आणि अजून सुटलेला नाही.

२३ मार्च २०१८ ला राज्य सरकारची प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली. हाताशी असलेला माल संपवायला आधी महिना दिला होता, मग तो तीन महिन्यांचा झाला, आणि २३ जूनपासून दंड सुरू. पहिल्यांदा ५,००० रुपये, दुसऱ्यांदा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० आणि तीन महिने कैद. अधिसूचनेत कारणं दिली होती, ती पटण्यासारखीच होती. दुकानदाराला त्याचा खर्च किती पडेल, त्याचा आकडा मात्र नव्हता.

२३ जून म्हणजे कोकणात काय, हे तुमच्या रत्नागिरीच्या वार्ताहराला विचारा. मृग संपून आर्द्रा लागलेली असतात, भिंतींना ओल, काडेपेटी ओढली तर पेटत नाही. मी दोन पुड्या बांधल्या. पावशेर पातळ पोह्यांचा चिवडा खाकी कागदी पिशवीत, आतून बटर पेपर लावून. आणि तेवढाच चिवडा जुन्या प्लास्टिकच्या पिशवीत, तोंड मेणबत्तीवर चिकटवून. दोन्ही सकाळी नऊला गल्ल्याशेजारी ठेवल्या. अकरा वाजता कागदाच्या बुडाला तेलाचा डाग फुटला. दुपारी एकला फोडून पाहिलं, तर कागदातला चिवडा सादळून गेलेला, दातांखाली चामड्यासारखा. दुसरा तसाच कुरकुरीत. मंत्रालयात मार्चमध्ये बसून हे कळणार नाही, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मार्च ते जून तीन महिने होते. तेवढ्यात कोकणातल्या एका फरसाणवाल्याला, नागपूरच्या एका दूधवाल्याला आणि लालबागच्या एका मसालेवाल्याला कोणी विचारलं असतं तरी काम भागलं असतं.

मग मी वहीत मांडलं. अर्ध्या किलोची प्लास्टिक पिशवी मला तेव्हा ४० पैशांना पडायची. बटर पेपर लावलेली कागदी पिशवी १ रुपया ९० पैशांना. फरक दीड रुपयाचा. दिवसाला सरासरी १३० पुडे जातात, म्हणजे १९५ रुपये. सोमवारी बंद धरून महिन्याचे २७ दिवस धरले, तर ५,२६५ रुपये. हा आकडा लिहिला आणि पेन खाली ठेवलं. नियम पाळला तर महिन्याला पाच हजार दोनशे पासष्ट. मोडला आणि सापडलो, तर पहिल्यांदा पाच हजार. तपासणीचं पथक महिन्याला येत नाही, वर्षातून एकदा-दोनदा येतं. हे गणित मला सुचलं तसं बाजारातल्या प्रत्येकाला सुचलं असणार. दंडाची रक्कम ठरवणाऱ्याने ते करून पाहायला हवं होतं.

मी आठ हजार कागदी पिशव्या घेऊन बसलो. आणि बंदीला आठवडा होतो न होतो तोच किराणा मालाच्या वेष्टनाला सवलत मिळाली: ५० मायक्रॉनच्या वरची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पिशवी चालेल, तिच्यावर उत्पादकाची माहिती छापलेली हवी. सवलत योग्यच होती. पण आठ दिवसांत कळलेली गोष्ट तीन महिन्यांत का कळली नाही? शिवाय नवाच घोळ. फरसाणवाला हा किराणावाला की हॉटेलवाला? तीन जणांना विचारलं, तीन उत्तरं मिळाली.

शेजारच्या तालुक्यातल्या माझ्या साडूच्या दुकानात तर पथक येऊन पिशवी बोटांत चोळून बघत होतं. पिशवी ४८ मायक्रॉनची की ५२ ची, हे बोटाला कसं कळणार? जाडी मोजायचं यंत्र त्यांच्याकडे नव्हतं, साडूकडे तर नव्हतंच. माणसं सभ्य होती, चहा पिऊन पावती फाडून गेली. त्यांनाही वरून सांगितलेलं असतं.

खरं सांगायचं तर मला सगळ्यात जास्त खटकतं ते वेगळंच आहे. २६ जुलै २००५ च्या पावसात मुंबईची गटारं तुंबली, तेव्हा पिशव्यांवर खापर फुटलं आणि २००६ मध्ये राज्यात ५० मायक्रॉनहून पातळ पिशव्यांना मनाई आली. म्हणजे २०१८ ला जे नव्याने सांगितलं, त्यातलं बरंचसं बारा वर्षं कागदावर होतंच. ते का चाललं नाही? पिशव्या कुठून येत राहिल्या? माणसं कमी पडली, की दंड कमी पडला, की स्वस्त पर्याय नव्हता? जुन्या नियमाचं काय झालं हे आधी पाहिलं असतं, तर नवा नियम वेगळा झाला असता असं मला वाटतं. पुढे केंद्राने जाडी सप्टेंबर २०२१ अखेर ७५ मायक्रॉन केली, डिसेंबर २०२२ अखेर १२०. आमच्याकडे राज्यात कॅरीबॅगला मुळातच बंदी, त्यामुळे परराज्यातला होलसेलवाला फोनवर छातीठोक सांगतो, "शेठ, १२० की है, चलती है," आणि इथे ती चालत नाही. ६० जीएसएमच्या (चौरस मीटरला ६० ग्रॅम) वरच्या नॉन-वोव्हन, म्हणजे कापडासारख्या दिसणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्यांवरची बंदी राज्याने २०२२ च्या डिसेंबरात उठवली. कदाचित ते बरोबरच असेल. मधल्या साडेचार वर्षांत त्या पिशव्या शिवणाऱ्या बायकांनी काय केलं, ते कोणत्या रकान्यात लिहायचं?

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी आमच्या बाजारात शिरली. पाणी ओसरल्यावर शटर वर केलं, तर जाळीत चिखलाने जड झालेल्या पातळ पिशव्यांचे झुबके लटकत होते. बंदीला तीन वर्षं झाली होती. मी एकेक ओढून काढत होतो आणि मनात म्हणत होतो, बंदी बरोबरच होती. त्यातल्या किती बंदीच्या आधीच्या आणि किती नंतरच्या, देव जाणे. मोजायचं तेच तर होतं.

आपल्याकडे हे कोणाला सुचलेलं नाही असं नाही. फेब्रुवारी २०१४ मध्ये केंद्राने आपल्या सगळ्या खात्यांसाठी धोरण ठरवलं, की कायद्याचा मसुदा किमान ३० दिवस लोकांपुढे ठेवायचा आणि तो का हवा, खर्च किती, पर्यावरणावर आणि संबंधित लोकांच्या पोटापाण्यावर काय परिणाम होईल, हेही सोबत मांडायचं. राज्यांना ते लागू नाही. रिझर्व्ह बँकेने मे २०२५ मध्ये स्वतःचे नियम कसे करायचे याची चौकट जाहीर केली: मसुद्यावर मतं द्यायला किमान २१ दिवस, शक्य तिथे परिणामांचा अंदाज, आणि ठरावीक काळाने आढावा. जर्मनीत २००६ पासून एक स्वतंत्र परिषदच आहे. कायद्याच्या मसुद्यात नागरिकाला किती, धंद्याला किती, सरकारी कचेरीला किती खर्च पडेल ते लिहिलेलं असतं आणि ही परिषद तो आकडा तपासते. एवढं मोठं काही मी मागत नाही. अधिसूचनेला एक पान जोडा. भार कोणावर, अंदाजे किती, दोन वर्षांनी काय बदललेलं दिसायला हवं आणि ते कोण मोजणार.

आणि मुदत घाला. माझ्या वजनकाट्याला ठरावीक काळाने शिक्का मारून घ्यावा लागतो. काटा बरोबर असला तरी न्यायचा, फी भरायची, तपासून आणायचा. त्याबद्दल मी कधी कुरकुर केलेली नाही, कारण काटा हळूहळू सरकतो आणि सरकलेला मालकाला कळत नाही. नियमाला मात्र असा शिक्का नाही. तो एकदा निघाला की निघाला, आणि पुढे वाढवायचा झाला तर आकडा बदलून वाढवतात, ५० चे ७५, ७५ चे १२०. वाढवण्यापूर्वी आधीच्या आकड्याने काय झालं ते दोन ओळींत तरी लिहा.

राज्य सरकारला विनंती एवढीच, की 'हरकती व सूचना' ची जाहिरात बारीक टायपात एकदा देऊन थांबू नये. व्यापारी संघटनांना, बचत गटांना मराठीत मसुदा पाठवावा. नगरपरिषदेच्या फलकावर लावावा. तिथे आम्ही पाणीपट्टी भरायला जातोच.

२०१८ च्या वहीचं हिशेबाचं पान सोबत जोडलं आहे. छापायला जागा नसेल तर कृपया परत पाठवावं, मागच्या बाजूला उधारी लिहिलेली आहे.

आपला,
एक फरसाण दुकानदार, चिपळूण