तक्रार पत्र: १९ जुलैचं 'आज पहाटेचं' पापलेट

दिनांक: ११ ऑगस्ट २०२५

प्रति,
महाव्यवस्थापक
(रेस्टॉरंटचं नाव आणि पत्ता पाकिटावर आहे)
लोअर परळ, मुंबई

विषय: शनिवार, १९ जुलै २०२५ रोजी रात्री साडेआठच्या टेबलावर बर्फातलं पापलेट 'आज पहाटेचं' म्हणून वाढल्याबद्दल आणि न विचारता लावलेल्या सर्व्हिस चार्जबद्दल

महोदय,

मी २० जुलैला तुम्हाला ईमेल केला होता. आधी 'तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे' असं आपोआप येणारं उत्तर आलं. नऊ दिवसांनी आणखी दोन ओळी आल्या, की मासा तुमच्या पसंतीस उतरला नाही याचा खेद आहे, सोबत पुढच्या भेटीसाठी दहा टक्के सवलतीचं व्हाउचर. पसंतीचा विषय मी काढलाच नव्हता. त्यामुळे आता सगळं कागदावर लिहून स्पीड पोस्टानं पाठवते आहे.

आम्ही वरळी कोळीवाड्यातले. आमच्या गच्चीवरून तुमची इमारत दिसते, रात्री तिचे दिवे दिसतात. माझ्या आईनं अडतीस वर्षं मासळी विकली. पहाटे चारला ससून डॉक आणि सातच्या आत मंडईत पाटी, हा तिचा दिनक्रम. गेल्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तिचं बसणं संपलं. मी बँकेत आहे, या वर्षी हातात थोडे पैसे आले. मनात आलं, हिनं जन्मभर लोकांना मासे निवडून दिले, साफ करून दिले, तर एकदा कुणीतरी हिला ताटात वाढून द्यावं. तुमच्या मेन्यूत किनारपट्टीचे पदार्थ आहेत असं वाचलं होतं, म्हणून महिनाभर आधी टेबल राखून ठेवलं. आई, मी, माझा नवरा आणि धाकटा भाऊ, असे चौघे आलो. भावाची स्वतःची बोट आहे. हे सांगण्याचं कारण पुढे येईलच.

सात पदार्थांचा टेस्टिंग मेन्यू, म्हणजे ठरलेले पदार्थ एकामागून एक वाढतात तो, माणशी ४,८०० रुपये. 'आजचा मासा' हवा असेल तर माणशी ९०० जादा. कार्डावर त्याचं वर्णन इंग्रजीत होतं. त्याचा मराठी अर्थ असा, की आज पहाटे ससून डॉकवर उतरलेलं, गळानं धरलेलं, ताजं पापलेट. कार्डाचा फोटो सोबत जोडला आहे.

मी आईला ते वाचून दाखवलं. ती हसायलाच लागली. तिला वाटलं, मी वाचताना काहीतरी चुकले. पापलेट जाळ्यात मिळतं. गळाला लागलेलं पापलेट अडतीस वर्षांत तिच्या पाटीत कधी आलं नव्हतं. परदेशातल्या कुठल्याशा मेन्यूवरून 'लाइन कॉट', म्हणजे गळानं धरलेलं, हे उचललं गेलं असणार. छान दिसतं, खरं आहे. पण ते चालण्यासाठी निदान त्या माशाला तरी गळ ठाऊक हवा.

गळाचं तेवढं सोडून देऊ. १९ जुलैला पहाटे ससून डॉकवर कोणतं पापलेट उतरलं, एवढंच मला सांगा.

आपल्या पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै, असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. समुद्र खवळलेला असतो आणि माशांच्या विणीचा काळ असतो, म्हणून ही बंदी. त्या दिवसांत आमच्याकडे बोटी किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या असतात. १९ जुलैला माझा भाऊ सात आठवडे घरी बसून जाळी दुरुस्त करत होता. त्याच हातांनी तो तुमच्या टेबलावर काटा धरून बसला होता. बिगर-यांत्रिक होड्यांना बंदीतून सूट असते, हे तुमचे वकील सांगतील त्याआधी मीच सांगून टाकते. पण वल्ह्याच्या होडीनं जुलैच्या पावसात चार टेबलांना पुरेल इतकं एकसारख्या मापाचं पापलेट आणून डॉकवर उतरवणारा कुणी असेल, तर त्याचा पत्ता आम्हालाही द्या. आमचा सगळा कोळीवाडा त्याला भेटायला जाईल.

त्या वेळी जे घडलं ते शब्दशः लिहिते. वाढणाऱ्यानं ताटली ठेवली आणि पाठ केलेलं वाक्य म्हणून दाखवलं, हिंदीत. आईनं मराठीत विचारलं, "कुठल्या बोटीचं रे, बाला?" तो गडबडला. मग काळ्या सुटातले व्यवस्थापक आले आणि म्हणाले, "मॅम, वी हॅव अवर ओन फिशरमेन." भाऊ खाली मान घालून हसत होता. मी म्हटलं, "सध्या मासेमारी बंद आहे ना?" त्यावर ते म्हणाले, आमचा पुरवठा वेगळ्या साखळीतून होतो. आणि आईकडे बघून पुढे म्हणाले, की आपल्या लोकांना मासा जास्त शिजवलेला खायची सवय असते, त्यामुळे हा वेगळा लागू शकतो.

आईला इंग्रजी येत नाही, पण तो सूर तिला कळला. मंडईत तिनं तसली गिऱ्हाइकं रोज पाहिली आहेत. ती काही बोलली नाही. तिनं काटा बाजूला ठेवला, बोटांनी पापलेटाच्या मधल्या काट्याजवळचं मांस उचललं आणि आमच्यासमोर धरलं. ताज्या पापलेटाचं मांस काट्यापासून पाकळीसारखं सुटतं, ओलसर असतं, बोटाला किंचित चिकटतं. हे भुसभुशीत होतं, दाबल्यावर पाणी सोडत होतं. ताटलीत सॉसच्या कडेनं पाण्याची एक वेगळी रेघ जमली होती. "दोनदा तरी बर्फ सुटलाय याचा," ती एवढंच म्हणाली. मासा नासलेला नव्हता. तसा आरोप मी करत नाही, आमच्यापैकी कुणाचं पोटही बिघडलं नाही.

बर्फातला मासा वाढणं हा गुन्हा नाही. पूर्व किनाऱ्यावरची बंदी १५ एप्रिल ते १४ जून असते, त्यामुळे जुलैमध्ये तिकडचा माल मुंबईत येतो. शीतगृहातलाही असतो. मंडईतल्या बायकाही तो विकतात. पण गिऱ्हाइकानं विचारलं तर 'बर्फाचा आहे' म्हणून सांगतात आणि भावही तसाच लावतात. नाही सांगितलं तर दुसऱ्या दिवशी तेच गिऱ्हाईक चार लोकांदेखत येऊन भांडतं. तुमच्याकडे मी त्या लिहिलेल्या ओळीचेच माणशी ९०० रुपये जादा मोजले. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या जाहिरात आणि दाव्यांविषयीच्या नियमांत 'फ्रेश' हा शब्द कशाला लावायचा आणि कशाला नाही, हेही लिहिलेलं आहे. तुमच्याकडे कुणीतरी ते वाचलेलं असायला हवं.

जाता जाता मापाचं. प्रत्येकाच्या ताटलीत एक अख्खं पापलेट होतं, आईच्या तळहातात मावेल एवढं. दिसायला नाजूक, फोटोला उत्तम. आई म्हणाली, "पिल्लू आहे." पापलेट घटत चाललंय म्हणून २०२३ साली राज्य सरकारनं त्याला राज्य मासा जाहीर केलं. लहान पापलेट मारल्याबद्दल आम्हा मच्छीमारांना भरपूर ऐकून घ्यावं लागतं, आणि त्यात तथ्यही आहे. पण ताटलीच्या मापाचा मासा मागणारा कुणीतरी असतो, तेव्हाच तो धरला जातो.

चांगलं होतं तेही लिहिते, नाहीतर पत्र एकतर्फी होईल. तिसरा पदार्थ होता सुक्या बोंबलाचा. रुपयाएवढी तांदळाची भाकरी, तिच्यावर भाजून कुटलेल्या बोंबलाची चटणी, वर कच्च्या कांद्याचा एक कण आणि कोकमाचा थेंब. आईनं डोळे मिटून खाल्लं आणि विचारलं, "अजून एक मिळेल?" टेस्टिंग मेन्यूत दुसऱ्यांदा वाढता येत नाही, असं उत्तर मिळालं. असो. पण पावसाळ्यात कोळ्याच्या घरात हेच शिजतं: सुके बोंबील, सुकट, सोडे, खाडीची चिंबोरी. ज्याच्या हातानं ती चटणी झाली त्याला हे ठाऊक आहे. मग त्याच्याच स्वयंपाकघरातून दोन पदार्थांनंतर ते पापलेट का बाहेर यावं, हे मला अजून कळलेलं नाही. सोलकढीचा फेस लिंबाएवढ्या वाटीत आला होता. त्याबद्दल बोलण्यासारखं फारसं काही नाही.

आणखी एक. आई हातानं जेवली हे बघून तुमच्या एका पोरानं, न सांगता, कोमट पाण्याचं भांडं आणि लिंबाची फोड आणून ठेवली. "मावशी, सावकाश," म्हणाला. त्याला मी निघताना ५०० रुपये हातात दिले. त्याला शोधून काढू नका. शोधलंच, तर पगार वाढवायला शोधा.

आता बिल. चार टेस्टिंग मेन्यूंचे १९,२००. माशाचे जादा ३,६००. पाण्याच्या दोन बाटल्यांचे ९००. छापील किमतीपेक्षा जास्त घेण्याची मुभा हॉटेलांना २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं आहे, हे मला माहीत आहे, म्हणून तो मुद्दा मी ताणत नाही. फक्त साधं पाणी चालेल का, हे न विचारता बाटली फोडू नये. एकूण २३,७००. त्यावर १० टक्के सर्व्हिस चार्ज, म्हणजे २,३७०. आणि या सगळ्यावर मिळून ५ टक्के जीएसटी, १,३०३ रुपये ५० पैसे. बेरीज २७,३७३ रुपये ५० पैसे.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचना म्हणतात की सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावायचा नाही, दुसऱ्या नावानंही नाही, आणि तो बिलात मिळवून एकूण रकमेवर जीएसटी तर मुळीच घ्यायचा नाही. दिल्ली उच्च न्यायालयानं २८ मार्च २०२५ रोजी या सूचना कायम ठेवल्या. म्हणजे आम्ही जेवायला आलो त्याच्या जवळजवळ चार महिने आधी. मी व्यवस्थापकांना हा आकार काढायला सांगितलं. "इट्स अवर पॉलिसी, वेबसाइटवर लिहिलंय," हे उत्तर मिळालं. आई तोवर उभी राहिली होती. ऑपरेशन झालेला गुडघा, बाहेर धो धो पाऊस, खाली टॅक्सीवाला हॉर्न देत होता. मी कार्ड पुढे केलं. पैसे भरले याचा अर्थ मान्य केलं असा काढू नये, म्हणून बिलाच्या तुमच्या प्रतीवर मी पेनानं 'सर्व्हिस चार्ज अमान्य' लिहून सही केली आहे. ती प्रत काढून बघा.

माझं मागणं एवढंच आहे. माशाचे ३,६०० आणि सर्व्हिस चार्जचे २,३७०, त्यावरचा जीएसटी २९८ रुपये ५० पैसे, असे एकूण ६,२६८ रुपये ५० पैसे त्याच कार्डावर परत करावेत. पाच पदार्थ ठीकठाक आणि एक अप्रतिम होता, त्यांचे पैसे मी मागत नाही. ते पापलेट कुठून, कोणत्या तारखेला आणि कोणत्या अवस्थेत खरेदी केलं, त्याची पावती मला दाखवावी. कार्डावरची ती ओळ बदलावी. आणि व्यवस्थापकांनी आईला दोन ओळींचं पत्र लिहावं, मराठीत. तिला वाचता येतं.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत उत्तर न आल्यास मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवेन आणि पुढे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला तिथं शुल्क नाही, अर्ज ऑनलाइन करता येतो आणि बँकेत असल्यामुळे कागद जपून ठेवायची मला सवय आहे.

नारळी पौर्णिमा शुक्रवारी झाली. भावाची बोट काल निघाली. पुढच्या आठवड्यात ससून डॉकवर खरोखरचं पहाटेचं पापलेट मिळेल. तुमच्या खरेदीच्या माणसाला पाठवा. ओळखायचं कसं ते तिथली कुठलीही बाई त्याला दाखवेल.

व्हाउचर या पत्रासोबत परत करते आहे. आईनं ते बघून विचारलं, "यात ती बोंबलाची चटणी येते का?" येत असेल तर तेवढं कळवा. पूर्ण पैसे देऊन येऊ, आणि ती दोनदा मागणार आहे.

आपली,
१९ जुलै, रात्री ८.३०, चार जणांच्या टेबलाची ग्राहक
(नाव आणि मोबाइल क्रमांक तुमच्या बुकिंगमध्ये आहे)

सोबत: बिलाची छायाप्रत, मेन्यूकार्डाचा फोटो, २० जुलैचा ईमेल आणि तुमची दोन उत्तरं, न वापरलेलं व्हाउचर