विषबाधेत उलटी करवण्याची घाई नको

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

लहान मुलाने काही विषारी पदार्थ गिळल्याचे लक्षात येताच बहुतेक घरांत पहिली धडपड असते ती त्याला उलटी करवण्याची. कोणी मिठाचे पाणी पाजते, कोणी घशात बोट घालते. यामागची कळकळ खरी असली, तरी हा उपाय अनेकदा मूळ विषाइतकीच हानी करतो, म्हणून हे पत्र लिहीत आहे. रॉकेल किंवा टर्पेंटाइन पोटात गेले असता मोठा धोका फुप्फुसांना असतो, कारण उलटी होताना ते श्वासनलिकेत उतरते. संडास साफ करण्याचे आम्ल किंवा कॉस्टिक सोडा गिळताना अन्ननलिका एकदा भाजते आणि उलटीबरोबर ते वर आले की दुसऱ्यांदा. मिठाच्या पाण्याने तर रक्तातील सोडियम वाढून मुलाला झटके येऊ शकतात. उलटीसाठी इपिकॅकचे सिरप घरात ठेवा, असे एके काळी डॉक्टरच सांगत. परंतु २००३ मध्ये अमेरिकन अकादमी ऑफ पेडियाट्रिक्सने ते घरी वापरू नये असे स्पष्ट केले.

‘थोडा वेळ वाट पाहू’ हा विचारही तितकाच घातक आहे. पॅरासिटामॉल जास्त प्रमाणात पोटात गेलेले मूल पहिल्या दिवशी हसत-खेळत असते आणि यकृताची हानी नंतर उघड होते. तिच्यावरचा उतारा मात्र पहिल्या आठ तासांत दिल्यासच सर्वाधिक उपयोगी पडतो. खेळण्यातला चपटा गोल सेल अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतच गंभीर जखम होऊ शकते. अशा वेळी त्रास दिसत नसला, तरी तडक रुग्णालय गाठावे.

निघताना बाटली किंवा गोळ्यांची पट्टी सोबत घ्यावी. पट्टीतले किती कप्पे रिकामे आहेत, यावरून डॉक्टरांना मात्रेचा अंदाज येतो, आणि मुलाचे वजन ठाऊक असेल तर उपचार ठरवणे सोपे जाते. डोळ्यात काही उडाल्यास तो वाहत्या स्वच्छ पाण्याने किमान पंधरा मिनिटे धुवावा. मूल बेशुद्ध असेल, पण श्वास चालू असेल, तर त्याला कुशीवर वळवावे आणि तोंडातून काहीही देऊ नये.

औषधे कुलपात ठेवावीत, हे सर्वांना माहीत असते. पण पाहुण्या आजी-आजोबांच्या पिशवीतल्या रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या कुणाच्याच ध्यानात नसतात, आणि त्यांतली एखादी गोळीही चिमुकल्याच्या जिवावर बेतू शकते. रॉकेल, फिनेल किंवा कीटकनाशक पाण्याच्या बाटलीत भरून ठेवणे ही तर अक्षम्य बेपर्वाई म्हणावी लागेल.

घाबरलेल्या माणसाला ऐन वेळी फोन नंबरही आठवत नाही. म्हणून रुग्णवाहिका, विषबाधा माहिती केंद्र आणि बालरोगतज्ज्ञ यांचे क्रमांक लिहिता येतील, अशी कापून भिंतीवर लावण्याजोगी चौकट आपल्या दैनिकाने वरील सूचनांसह छापावी, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक वाचक