दोनच्या स्पीडमध्ये हरवलेली मध्यावस्था

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मी दहावीला विज्ञान शिकवते. यंदा समसूत्री विभाजनाचा, म्हणजे एका पेशीच्या दोन सारख्या पेशी कशा होतात त्याचा, व्हिडिओ स्मार्ट टीव्हीवर लावला, तर मिनिटभरात मागच्या बाकावरून फर्माईश आली, ‘मॅडम, दोनच्या स्पीडवर लावा की!’ घरी पोरं सगळंच तसं बघतात. लावला. चाचणीच्या आकृत्या तपासताना मात्र कपाळाला हात लावला. गुणसूत्रं जाड झाली की थेट दोन टोकांना! मधे ती पेशीच्या मध्यावर रांगेत उभी राहतात, त्या मध्यावस्थेचा कित्येक वह्यांत पत्ताच नाही.

दुसऱ्या तुकडीला तोच व्हिडिओ अर्ध्या वेगाने दाखवला. पाच मिनिटांत पोरांचं लक्ष खिडकीबाहेर. शिवाय संथ दाखवलं की हमखास कळतं, असंही दिसत नाही. २००८ साली फिशर, लोव आणि श्वान या संशोधकांनी लंबकाच्या घड्याळाचं चलच्चित्र काहींना नेहमीच्या, काहींना वाढवलेल्या वेगाने दाखवलं. घड्याळ चालतं कसं, ते वेगात पाहणाऱ्यांना जास्त उमगलं. मला ते पटतं. एरवी नजर लंबकाच्या हेलकाव्यातच अडकते आणि ज्याच्या जोरावर घड्याळ चालतं ते हळूहळू उतरणारं वजन राहूनच जातं.

खरी गंमत प्रयोगशाळेत झाली. कांद्याच्या मुळाच्या टोकाची स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली होती. विभाजन चाललेल्या बहुतेक पेशी पूर्वावस्थेत, म्हणजे गुणसूत्रं जाड होण्याच्या पहिल्याच टप्प्यात. पश्चावस्थेतली, म्हणजे गुणसूत्रं दोन टोकांकडे निघालेली, पेशी शोधता शोधता एका मुलीची मान अवघडली. ‘मॅडम, व्हिडिओत तर चारही अवस्था सारख्याच वेळ होत्या!’ तिचं बरोबर होतं. माणसाच्या पेशीला हे सगळं उरकायला साधारण तासभर लागतो, त्यात पश्चावस्था जेमतेम काही मिनिटांची. झटकन उरकणारी अवस्था स्लाइडवर क्वचितच सापडणार. व्हिडिओवाल्यांनी मात्र चौघींना दहा-दहा सेकंद वाटून दिलेले! इतकी वर्षं तो दाखवते, माझ्याही ध्यानात आलं नव्हतं.

असे व्हिडिओ करणाऱ्यांना विनंती, की एकेक अवस्था संपली की चित्र थांबू द्या, बटण दाबल्यावरच पुढे जाऊ द्या, आणि प्रत्यक्षात किती वेळ गेला ते दाखवणारं छोटं घड्याळ कोपऱ्यात ठेवा. तोवर रिमोट माझ्या हातात आहे. गुणसूत्रं रांगेत आली की थांबवते, आकृती काढायला लावते, मगच पुढे. मागच्या बाकावरून उसासे येतात. येऊ देत.

– एक विज्ञान शिक्षिका, कराड