पाळणाघराचे शुल्क, वेळ आणि आईवडिलांचे मनःस्वास्थ्य

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

डोंबिवली पूर्वेला राहत्या घरी मी एकोणीस वर्षे पाळणाघर चालवले आणि गुडघ्यांनी साथ सोडल्यामुळे दोन वर्षांपूर्वी ते बंद केले. या काळात मुलांइतकेच त्यांचे आईवडीलही मला जवळून पाहायला मिळाले, आणि त्यांच्याविषयीच हे पत्र आहे.

घरात हिशेब कसा मांडला जातो, ते आधी सांगते. पाळणाघराचे पैसे जवळजवळ प्रत्येक घरात आईच्या पगारातून वजा केले जात. वडिलांचा पगार घराचा, आणि आईच्या पगारातून पाळणाघर, लोकलचा पास, वरकामाच्या बाईंचे पैसे वजा करून ‘मग उरते काय?’ हा प्रश्न तिलाच विचारला जाई. मूल दोघांचे असताना खर्च एकीचाच का, असे मी काही सासवांना स्पष्ट विचारलेही आहे. ज्या मुलींनी या हिशेबापायी नोकरी सोडली, त्यांतील काही जणी पुढे अनेक महिने उदास राहिल्या. एकीला तर डॉक्टरांकडे उपचार घ्यावे लागले. ज्यांनी नोकरी टिकवली, त्यांना रोज आपण कोणावर तरी अन्याय करत आहोत असे वाटत राहिले. शुल्क आवाक्यात असते, तर यातील निदान निम्मी भांडणे टळली असती, असे मला आजही वाटते.

दुसरी गोष्ट वेळेची. संध्याकाळी साडेसातला माझे दार बंद होण्याची वेळ ठरलेली होती. साडेपाचला मुंबईतील कार्यालयातून निघालेली आई, लोकल वेळेवर असली तरच, सव्वासातपर्यंत पोहोचे. पावसात रुळांवर पाणी साचले, की कुर्ल्याला अडकलेल्या आयांचे दर दहा मिनिटांनी फोन येत: ‘काकू, जेवला का तो?’ मूल सुखरूप आहे हे ठाऊक असूनही त्यांचा आवाज कापत असे. घाईघाईने आलेली आई मुलाला चपला घालताना उगाच त्याच्यावर ओरडे आणि जिना उतरता उतरता स्वतःच रडे, हे मी कितीतरी वेळा पाहिले आहे. ती वाईट आई नव्हती. चार वाजल्यापासून तिचे लक्ष घड्याळाकडे लागलेले असे, आणि त्या ताणाचा शेवट मुलावर होई.

मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली झालेल्या दुरुस्तीने प्रसूती रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे केली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची सोय करण्याचे बंधन घातले. आईला दिवसातून चार वेळा तेथे जाऊन येण्याची मुभाही त्यात आहे. वडिलांचा उल्लेख नाही. हा कायदा चांगलाच आहे. परंतु सकाळच्या जलद लोकलमध्ये आठ महिन्यांचे बाळ कडेवर घेऊन चढणे शक्य आहे का, याचा विचार व्हायला हवा. उपनगरांत राहणाऱ्यांना पाळणाघर कार्यालयापेक्षा घराजवळ किंवा स्थानकाजवळ असणे गरजेचे आहे. केंद्र सरकारच्या ‘पालना’ योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची तरतूद आहे, पण त्याची वेळ दिवसाला साडेसात तासांची. आठ तासांची नोकरी आणि जाण्यायेण्याचे तीन तास असलेल्या आईने उरलेल्या वेळेचे काय करावे?

घरकाम करणाऱ्या स्त्रियांना तर माझे शुल्कही परवडत नसे. त्यांची तीन मुले मी अर्ध्या पैशांत सांभाळली. अधिक घेणे मला झेपले नाही. बाकीच्या घरांत थोरली मुलगी शाळा बुडवून धाकट्या भावंडाला सांभाळत बसे.

स्वस्त म्हणजे कसेही, असे मात्र होता कामा नये. कॅनडाच्या क्यूबेक प्रांताने १९९७ मध्ये दिवसाला पाच डॉलर दरात पाळणाघरे उपलब्ध करून दिली, तेव्हा नोकरी करणाऱ्या मातांचे प्रमाण वाढले. पण बेकर, ग्रुबर आणि मिलिगन या अर्थतज्ज्ञांच्या २००८ मधील अभ्यासात मुलांचे वर्तन आणि आईवडिलांचे स्वास्थ्य यांवर काही प्रतिकूल परिणाम आढळले. जागा झपाट्याने वाढल्या, दर्जा मात्र सर्वत्र सारखा राहिला नाही. मला हे पटते. एका बाईच्या पदरात दहा-बारा तान्ही मुले टाकली, तर शुल्क कितीही कमी असो, आईचे चित्त थाऱ्यावर राहणार नाही. मी एका वेळी सहापेक्षा जास्त मुले घेत नसे, आणि म्हणूनच माझ्या हाती फारसे काही उरतही नसे. हा फरक पालकांच्या खिशातून नव्हे, तर सार्वजनिक निधीतून भरून निघायला हवा.

कल्याण-डोंबिवली, बदलापूर, विरार, पनवेल येथील महापालिका आणि नगरपालिकांनी स्थानकापासून चालत जाता येईल अशा आपल्याच रिकाम्या खोल्यांतून सुरुवात करावी, सांभाळणाऱ्या स्त्रियांना प्रशिक्षण व पुरेसे मानधन द्यावे आणि दार रात्री साडेआठपर्यंत उघडे ठेवावे, ही माझी विनंती आहे. उभे राहण्याचे काम आता माझ्याने होणार नाही. परंतु नव्या बायकांना शिकवायला बोलावले, तर मी आनंदाने येईन.

आपली,
एक निवृत्त पाळणाघरचालिका,
डोंबिवली (पूर्व)