माकडतापाचे काम जूनमध्ये, गोठ्यात सुरू व्हावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

काजूचा हंगाम उरकला की गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात माकडतापाची चर्चाही उरकते. बोंडू वेचून झालेले असतात, भट्ट्या थंडावतात, तापाचे रुग्ण कमी होतात. मग पुढच्या जानेवारीत रानात एखादे माकड मेलेले सापडेपर्यंत कोणी विषय काढत नाही. आमचे म्हणणे असे, की या रोगाविरुद्धचे सर्वांत मोलाचे काम याच गप्प महिन्यांत, जून ते सप्टेंबर या काळात करायचे असते आणि ते करण्याची जागा गुरांचा गोठा आहे.

माकडतापाचा विषाणू १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा सापडला. गोव्यात २०१५ मध्ये सत्तरीतल्या पाली गावात रुग्ण आढळले. २०१६ मध्ये शेजारच्या, महाराष्ट्रातल्या दोडामार्गातही. शंभर रुग्णांत तीन ते पाच जण दगावतात आणि या तापावर खास औषध नाही. जी जुनी लस दिली जात होती, तिचा उपयोग पुरेसा होत नाही म्हणून तीही २०२२ मध्ये थांबवण्यात आली. राहिला एकच धागा, तो म्हणजे चावून हा रोग माणसापर्यंत आणणारी गोचीड.

ही गोचीड तीन वेळा रक्त पिते आणि दर वेळी नवा प्राणी धरते. मृगाचा पाऊस पडला की पूर्ण वाढलेली गोचीड बाहेर पडते. तिला मोठे जनावर लागते आणि गावाच्या कडेला ते म्हणजे आपली गाय-म्हैस. जुलै-ऑगस्टमध्ये तिचा जोर सर्वाधिक असतो. रक्त पिऊन टम्म झालेली मादी जमिनीवर गळून पडते, पाचोळ्याखाली शेकडो-हजारोंनी अंडी घालते आणि मरते. पाऊस सरता सरता, ऑक्टोबर ते डिसेंबर, त्या अंड्यांतून निघालेली बारीक पिले उंदीर, पक्षी, माकडे यांना चिकटतात. कात टाकून त्यांची मधली अवस्था तयार होते, खसखशीच्या दाण्याहून थोडी मोठी, सहज न दिसणारी. जानेवारी ते मे या काळात माणसाला चावते ती हीच. याच दिवसांत लोक काजूच्या बागेत वाकून बोंडू वेचत असतात आणि गोठ्यात पसरायला किंवा कुळागरात घालायला रानातून पातेरा गोळा करत असतात.

गाईच्या अंगात हा विषाणू वाढत नाही, ती आजारीही पडत नाही. त्यामुळे पशुवैद्यकीय यंत्रणेला हा आरोग्य खात्याचा विषय वाटतो, आणि आरोग्य खात्याकडे गुरांपर्यंत पोहोचणारी माणसे नाहीत. या फटीत दर वर्षी जून ते सप्टेंबर निघून जातो. गुरांवर गोचीडनाशक टाकण्याची मोहीम बहुधा माकड मेल्यावर, जानेवारी-फेब्रुवारीत सुरू होते. तेव्हा गाईवरची मादी कधीच अंडी घालून मेलेली असते आणि माणसाला चावणारी पिढी पाचोळ्यात पसरलेली असते. त्या वेळी गाईच्या पाठीवर टाकलेले औषध तिला आराम देते, माणसाला फारसे वाचवत नाही.

पावसात औषध धुऊन जाते, म्हणून मोहीम थंडीत घेतात, असे कारण दिले जाते. फवारणीच्या औषधाबाबत ते बरेचसे खरे आहे. पाठीवर ओतायचे फ्लुमेथ्रिनचे एक टक्क्याचे औषध मात्र तेलकट असते आणि कातडीवर पसरत जाते. अट एवढीच, की ओतताना पाठ कोरडी हवी आणि नंतर काही तास जनावर भिजता कामा नये. संध्याकाळी रानातून गुरे भिजून येतात, ती वेळ चुकीची. रात्रभर गोठ्यात उभे राहून पाठ सुकलेली असते, तेव्हा सकाळी सोडण्याआधी औषध ओतावे आणि त्या दिवशी दुपारपर्यंत गुरांना गोठ्यातच हिरवी वैरण द्यावी. त्यासाठी कोणत्या वाड्यावर कोणत्या तारखेला फेरी येणार, हे मालकाला आठवडाभर आधी कळायला हवे.

मात्रा दर दहा किलो वजनाला एक मिलिलिटर, खांद्यापासून शेपटीच्या मुळापर्यंत कण्यावरून एका रेषेत. वजनासाठी काटा लागत नाही, शिंप्याची टेप पुरते. छातीचा घेर इंचात मोजून त्याचा वर्ग करावा, खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या हाडापर्यंतच्या लांबीने गुणावे आणि ६६० ने भागावे. आपली श्वेता कपिला ही स्थानिक गाय लहान चणीची. घेर ५४ इंच आणि लांबी ४८ इंच असली तर वजन साधारण २१२ किलो भरते, म्हणजे औषध २१ मिलिलिटर. प्रत्यक्षात बाटली पुरवायची म्हणून दहा मिलिलिटरवर काम भागवले जाते. अर्ध्या मात्रेत कमजोर गोचिडी मरतात, चिवट तेवढ्या उरतात आणि दोन-तीन हंगामांत ते औषध त्या गावात निकामी होते. कमी औषधात सगळ्या गावाला थोडे थोडे देण्यापेक्षा निम्म्या वाड्यांना पूर्ण मात्रा दिलेली आम्हाला बरी वाटते.

असर सुमारे तीन आठवडे टिकतो. म्हणून १५ जूनला पहिली फेरी, मग ६ जुलै, २७ जुलै, १७ ऑगस्ट आणि ७ सप्टेंबर, अशा पाच फेऱ्या. एका गाईला हंगामभरात १०५ मिलिलिटर लागेल, म्हणजे एका लिटरमध्ये नऊ गाई. ही खरेदी मेअखेर गोदामात असायला हवी. निविदा ऑगस्टमध्ये उघडून उपयोग नाही.

काही ठिकाणी याऐवजी डेल्टामेथ्रिन फवारतात, साधारणपणे लिटरभर पाण्यात दोन मिलिलिटर या प्रमाणात. तसे करायचे तर एका जनावराला दोन-तीन लिटर द्रावण लागते. कान, गळपट, काखा, कास, शेपटीखालचा भाग सगळे भिजले पाहिजे, कारण गोचीड तिथेच दडून बसते. पाठीवर अर्धा लिटर मारून फवारणी झाली म्हणणे व्यर्थ आहे. शिवाय उरलेले पाणी ओहळात सोडले तर मासे, कुर्ल्या मरतात. मृगात चढणीचे मासे शेतापर्यंत आलेले असताना तर ही चूक फारच महागात पडते. गोचिडीवरचे आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन दुभत्या गाईला देऊ नये, त्याचा अंश दुधात उतरतो.

यातून माकडताप शून्यावर येईल असा आमचा दावा नाही. म्हादई अभयारण्यात गवे आहेत, सांबर आहेत, त्यांच्या अंगावरही ही मादी पोसली जाते. पण माणूस जिथे वावरतो, त्या गावाकडेच्या बागा आणि चराऊ रानांत अंडी टाकणारी गुरे आपली आहेत, आणि त्यांच्यापर्यंत आपला हात पोहोचतो. काजूच्या दिवसांत पूर्ण बाह्यांचे कपडे, हातापायांना गोचीड दूर ठेवणारे डेपा तेल, घरी येताच गरम पाण्याने अंघोळ आणि कपडे गरम पाण्यात, हे तर हवेच. मेलेल्या माकडाला हात लावू नये, लगेच कळवावे. धड थंड पडले की त्याच्यावरच्या गोचिडी नवा प्राणी शोधत आसपास पसरतात.

घरोघर जाऊन, मोजून, नोंद ठेवून काम करणे गोव्याला नवीन नाही. रेबीजविरुद्ध पथके तालुक्यामागून तालुका फिरली, जाळ्याने कुत्रे पकडून लस टोचली, रंगाची खूण केली, मोबाइलवर जागा नोंदवली आणि दर वर्षी ७० टक्के कुत्र्यांपर्यंत पोहोचण्याचे लक्ष्य धरले. २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र जाहीर झाला. दर वर्षी पुन्हा जावे लागते, कारण मधल्या काळात जन्मलेली पिल्ले लसीविना असतात. हीच शिस्त गुरांसाठी आणता येईल. कानातल्या बिल्ल्यावर बारा आकडी क्रमांक आहेच. त्याच्यापुढे तारीख आणि मात्रा लिहिली की कोण सुटले ते त्याच संध्याकाळी कळते.

वेळेची हीच चूक ब्रुसेला या गाईंचा गर्भपात घडवणाऱ्या रोगाच्या लसीतही होते. गाभण गाय पाचव्या महिन्यानंतर टाकते, वार अडकते, ती उघड्या हाताने काढणाऱ्याला पुढे महिनोन्महिने येऊन-जाऊन ताप आणि सांधेदुखी सोसावी लागते. एस-१९ लस फक्त कालवडींना, चार ते आठ महिने वयात, आयुष्यात एकदाच देतात. म्हणजे खिडकी चार महिन्यांची. फेरी मात्र वर्षातून एकदा आली, तर त्या दिवशी दोन महिन्यांची असलेली कालवड पुढच्या फेरीला चौदा महिन्यांची झालेली असते, कायमची सुटलेली. दर चार महिन्यांनी फेरी हवी, त्याहून कमी फेऱ्या चालणार नाहीत. ही जिवंत लस आहे. टोचणाऱ्याच्या बोटाला सुई लागली किंवा डोळ्यात थेंब उडाला तर त्यालाच रोग जडू शकतो. हातमोजे आणि चष्मा द्या, मगच त्याला गोठ्यात पाठवा. टाकलेले वासरू कुत्र्यांपुढे किंवा ओहळात न टाकता चुना घालून खोल पुरावे.

शेवटची विनंती सीमेची. दोडामार्ग, कर्नाटकातले खानापूर आणि आपली सत्तरी इथली गुरे एकाच डोंगररांगेत चरतात. तिन्ही बाजूंच्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांनी मे महिन्यात एकदा एकत्र बसून फेऱ्यांच्या तारखा जुळवाव्यात आणि त्या प्रत्येक पंचायतीच्या फलकावर लावाव्यात.

आपले,
सत्तरी व डिचोली तालुक्यांतील काही पशुवैद्यक आणि पशुपालक