टोकियोतली बरोबरी आणि खासबागेतली

कोल्हापूर,
रविवार सकाळ

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

टोकियो ऑलिम्पिकच्या उंच उडीत दोघांनी सोनं वाटून घेतलं, म्हणजे आपल्या खासबाग कुस्ती मैदानात जोड सोडवली तसंच की, असं परवा फोनवर म्हणालास. तसं नाही गड्या. खासबागेत वेळ संपली, पाठ कुणाची लागली नाही, की पंचच कुस्ती बरोबरीत सोडवतात. पैलवानाला विचारतंय कोण? उंच उडीत शेवटचा शब्द खेळाडूंचा.

1 ऑगस्ट 2021 ची फायनल आठव. कतारचा बार्शिम, इटलीचा ताम्बेरी आणि बेलारूसचा नेदासेकाऊ, तिघेही 2.37 मीटरवरून गेले. तरी नेदासेकाऊला कांस्यच. एका उंचीला सलग तीनदा दांडी पाडली की बाहेर, हे तुला ठाऊक आहेच. उंची सारखी निघाली तर आधी बघतात, पार केलेल्या शेवटच्या उंचीवर चुका किती. तिथंही सारखे असले तर तिथपर्यंतच्या एकूण चुका. नेदासेकाऊ इथंच मागं पडला. बार्शिम आणि ताम्बेरीची 2.37 पर्यंत पाटी कोरी. पुढं 2.39 ला दोघांनीही तीनदा दांडी पाडली, पण पार न झालेल्या उंचीवरच्या चुका या हिशोबात धरतच नाहीत.

मग उरतो जंप-ऑफ. एका उंचीला एकच उडी. दोघे चुकले की दांडी 2 सेंटीमीटर खाली, दोघे गेले की 2 वर. आणि हे फक्त पहिल्या नंबरासाठी. खेळाडूंनी नको म्हटलं तर नंबर दोघांचा. अधिकारी जंप-ऑफचं समजावत होता, तेवढ्यात बार्शिमनं विचारलं, दोन सुवर्णं मिळतील का? मिळू शकतात म्हटल्याबरोबर ताम्बेरीनं त्याच्या अंगावर झेपच टाकली. 2016 ला रिओच्या तोंडावर ताम्बेरीचा घोटा गेला होता, 2018 ला बार्शिमचा. वळणदार धावेतून उडी घेताना सगळा भार एका घोट्यावर येतो, त्यामुळं त्या दुखण्यातून परत उभं राहणं काय असतं हे दोघांनाही पक्कं माहीत.

पॅरिसमध्ये 2024 ला परत तसंच जुळलं. न्यूझीलंडचा हेमिश कर आणि अमेरिकेचा शेल्बी मॅकएवन, दोघेही 2.36 वर सारखे. त्यांनी मात्र जंप-ऑफ घेतला. 2.38 ला दोघे चुकले, 2.36 लाही चुकले, 2.34 ला कर गेला आणि मॅकएवन राहिला. सोनं वाटून घेतलं नाही म्हणून मॅकएवनला लोकांनी नावं ठेवली. मला ते पटलं नाही. निकाली खेळायचा हक्क त्याचाच होता, आणि निकाली कुस्तीसाठी जीव टाकणाऱ्या कोल्हापूरकरानं तरी त्याला बोल लावू नये. त्याच स्पर्धेत पात्रता फेरीत बार्शिमच्या पोटरीत गोळा आला, तेव्हा आधी धावला तो ताम्बेरीच.

ऑलिम्पिकच्या मॅटवरच्या कुस्तीत हे जमायचं नाही. सहा मिनिटांनी गुण सारखे असले तरी मोठ्या गुणांचे डाव कुणाचे, ताकीद कुणाला कमी, शेवटचा गुण कुणाचा, असं बघून एकाला विजयी ठरवतातच. दोघांना मिळतं ते कांस्य, तेही 2008 पासून, आणि त्याच्या लढतीसुद्धा वेगवेगळ्या.

काकींना नमस्कार सांग. आलास की तांबडा-पांढरा ठरलेलाच.

तुझा,
विजू